अनुभव धागा : मुरगावला सकाळी बोट सोडली, विमान रात्रीचं, मधला दिवस कसा लावायचा?

मुंबईहून निघालेली क्रूझ सकाळी मुरगाव बंदराला लागते, नऊ-दहापर्यंत केबिन रिकामी करावी लागते आणि परतीचं विमान बहुतेकांचं रात्री आठनंतरचं असतं. मधल्या वेळात हातात बॅगा, डोक्यावर ऊन आणि कुठे जावं ते ठरत नाही. हा धागा तेवढ्या दहा तासांसाठी आहे. खाली प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. गोव्यात राहणाऱ्यांनी, नेहमी ये-जा करणाऱ्यांनी, हॉटेल-टॅक्सीच्या धंद्यातल्यांनी लिहावं. ठिकाणांचं कौतुक कमी चालेल. किती वेळ लागतो, काय अडतं आणि का अडतं, ते नेमकं हवं.

पहिली गोष्ट मीच सांगतो. तिकिटावरचा विमानतळाचा कोड बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, बंदरापासून आठेक किलोमीटर. जीओएक्स म्हणजे मोपा, पेडणे तालुक्यात, बंदरापासून साधारण ६५ किलोमीटर. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून गोव्यात दोन विमानतळ आहेत. "गोवा एअरपोर्ट" एवढंच टॅक्सीवाल्याला सांगितलं तर बंदरालगतच्या वास्कोतून तो सरळ दाबोळीला नेईल. तिथून मोपा दोन तास. सगळ्या दिवसाचा नकाशा या तीन अक्षरांवर ठरतो.

मुरगांवची खाडी
केबिन ते गेट एवढ्याच भागाबद्दल लिहितो. आदल्या रात्री टॅग लावून केबिनबाहेर ठेवलेली बॅग सकाळी थेट धक्क्यावरच्या शेडमध्येच मिळते. म्हणून ओळखपत्र, औषधं, चार्जर, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. आपल्या बॅगा आपणच उचलून उतरणाऱ्यांना आधी सोडतात. दोघांत दोन छोट्या बॅगा असतील तर तेच करा, तासभर वाचतो.

बंदराच्या आवारात मनाला येईल तसं पायी फिरता येत नाही, गेटपर्यंत बसने सोडतात. ओला-उबर गोव्यात नाही. स्थानिक टॅक्सी किंवा गोवामाइल्सचं ॲप. दिवसभराची गाडी "८ तास, ८० किलोमीटर" अशी ठरते आणि भांडण इथेच होतं. बंदर–जुनें गोवें–पणजी–मोपा हेच अंतर ऐंशीच्या आसपास जातं, वर चालकाला वास्कोपर्यंत रिकामं परतायचं असतं. त्यामुळे "शेवटी मोपाला सोडायचं, परतीसकट किती?" हे बसण्याआधी विचारा आणि आकडा मोबाइलवर लिहून घ्या. पार्किंग, टोल त्यात धरलेत का तेही.

टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. भाड्याने स्वतः चालवायच्या गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका. ती खासगी असते आणि पोलिसांनी अडवलं की दिवस तिथेच संपतो.

कुलूपवाला
बॅगा कुठे ठेवायच्या? वास्को आणि मडगाव स्टेशनवरचं क्लोकरूम सगळ्यांना सुचतं, पण तिथे रेल्वेचं तिकीट मागतात. शिवाय प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं. नुसती चेन ओढलेली सॅक घेत नाहीत. विमानाने जाणाऱ्याने त्यावर भिस्त ठेवू नये.

दुसरा बेत, "दुपारीच विमानतळावर जाऊन बॅग टाकून येऊ", हाही फसतो. विमान कंपनीचं काउंटर इतक्या आधी बॅग घेत नाही.

त्यापेक्षा वास्को किंवा बोगमाळोला हॉटेलची खोली दिवसापुरती घ्या, "डे यूज" असं विचारायचं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा मिळाली तर उत्तम. चार जणांत एक खोली पुरते, कारण झोपायचं नसतं. बॅगा, आंघोळ, आणि दुपारी तासभर पंख्याखाली पाठ टेकणं, एवढंच काम. मोठ्या माणसांचं ओळखपत्र प्रत्येकी लागतं.

बॅगा टॅक्सीतच ठेवणार असाल तर गाडीच्या पाटीचा फोटो काढा, लॅपटॉप-दागिने जवळ ठेवा, आणि सगळं सामान डिकीत बसतंय का ते आधी बघा. मागच्या सीटवर बॅगा रचलेली गाडी उन्हात उभी करून देवदर्शन शांतपणे होत नाही.

बोगमाळो रोड
दाबोळीचं विमान असेल तर पणजीकडे धावू नका. जवळच दिवस छान जातो.

बोगमाळो रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सोमवारी बंद. मोकळ्या मैदानात सी हॅरियर, विक्रांतवरून उडालेलं अलिझे आणि चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन इतक्या जवळून बघता येतं की पंखांवरचे रिव्हेट मोजावेत. सुपर कॉन्स्टेलेशनची तीन शेपट्यांची रचना मागच्या बाजूने बघा, ती उंची कमी ठेवून विमान हँगरमध्ये मावावं म्हणून आहे. दीड तास पुरतो. मैदान उघडं आहे, त्यामुळे अकराच्या आत किंवा चारनंतर जा.

तिथून बोगमाळोचा किनारा अगदी जवळ. क्रम महत्त्वाचा: आधी समुद्र, मग आंघोळ, मग जेवण. उलट केलं की ओले कपडे आणि वाळू घेऊन विमानात बसावं लागतं. ओल्या कपड्यांना जाड प्लास्टिकची पिशवी वेगळी. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच उतरायचं, नुसता लाल बावटा असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही.

संध्याकाळी वेळ उरला तर सड्यावरचं जपानी गार्डन. खाली खडक, समोर नांगर टाकून उभी जहाजं. बंदराच्या डोक्यावरच आहे, पण बॅगा घेऊन पायऱ्या उतरू नका.

फोंड्याचो रस्तो
मराठी मंडळींना देवदर्शन हवं असतं, म्हणून लिहितो. वास्कोहून कुठ्ठाळी, मग बोरीच्या पुलावरून फोंडा. कवळेची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी एका पट्ट्यात आहेत. मग म्हार्दोळची म्हाळसा आणि मंगेशी, आणि तोच रस्ता पुढे जुन्या गोव्यात उतरतो. याच क्रमाने गेलात तर एकही किलोमीटर मागे यावं लागत नाही. पाचही देवळं करू नका. कवळे आणि मंगेशी निवांत बघा. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ पाहताना लक्षात असू द्या की हा देव मूळचा कुठ्ठाळीचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे खाडीपलीकडे प्रियोळला आणलेला. सकाळी तुम्ही ज्या कुठ्ठाळीवरून आलात, तीच.

वार सांभाळा. सोमवारी मंगेशीला गर्दी. रविवारी सकाळी बॉम जेझू चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांना आत सोडत नाहीत. शुक्रवारी जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय बंद. हाफपँट, बिनबाह्यांचे कपडे देवळातही चालत नाहीत आणि चर्चमध्येही. बोटीवरून उतरतानाच तसे कपडे घाला, बॅगेच्या तळातून लुंगी शोधत बसू नका.

शीतकडी
जेवणाची वेळ चुकवू नका. साडेबारा ते अडीच. तीननंतर चांगल्या खाणावळींची चूल थंड होते आणि मग उरतं ते पर्यटकांसाठीचं महाग, शिळं-तापवलेलं. थाळीत शीत (भात), हुमण (माशांची आमटी), तळलेला तुकडा, सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर), सोलकढी. ताजं काय आलंय ते विचारून तळलेला मासा सांगा आणि भाव आधी विचारा, तो रोज बदलतो.

दुपारी एक ते चार पणजीतली बरीच दुकानं बंद असतात. त्या वेळात फोंताइन्हासला (पणजीतली जुनी पोर्तुगीज धाटणीची वस्ती) जाऊ नका. ऊनही असतं आणि ती माणसांची राहती घरं आहेत, दुपारी तिथे झोपतात. साडेचारनंतर जा, पायी फिरा, कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढू नका.

काजूबी
खरेदीचं थोडक्यात. काजूच्या पाकिटावर डब्ल्यू १८०, २४०, ३२० लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे एका पौंडात किती गर बसतात. आकडा लहान, गर मोठा. भाजी-मिठाईसाठी ३२० भरपूर, तुकडा त्याहून स्वस्त.

फेणी चेक-इन बॅगेतच, सीलबंद बाटलीत, प्रत्येकी पाच लिटरपर्यंत. बिल जवळ ठेवा. उन्हाळ्यात मिळणारा हुर्राक (काजूची हलकी दारू) वापरलेल्या बाटल्यांत भरून विकतात. तो विमानात नेऊ नका, सील नसतं आणि बूच सुटलं की अख्खी बॅग वासाने भरते. लोणचं हातातल्या पिशवीत असेल तर अडवू शकतात. पॉवर बँकचं उलटं, ती हातातच हवी.

पेडण्याचो
मोपावाल्यांसाठी. मोठा अडथळा पणजीहून मोपाच्या वाटेवरची पर्वरी. उन्नत मार्गाचं काम चालू असेपर्यंत संध्याकाळी साडेपाच ते आठ तिथे गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. फोंडा-जुनें गोवें बाजूला असाल तर पणजीत शिरूच नका. माशेल, आमोणे, डिचोली, अस्नोडा, थिवी करून कोलवाळला महामार्ग गाठा. रस्ता अरुंद, पण चालता.

हिशोब उलटा मांडा. विमान साडेनऊचं, काउंटर साडेआठला बंद, विमानतळावर साडेसातला हवं, म्हणजे पणजी सोडायची ती पाचला. पणजीच्या कदंबा स्थानकावरून मोपाची इलेक्ट्रिक बस आहे, एकट्या माणसाला तीच परवडते.

सकाळीच उत्तरेकडे निघालात तर सावंतवाडी बघा. मोती तलाव, राजवाड्यात हाताने रंगवलेली गंजिफा (गोल पत्ते), बाजारात लाकडी फळं. दोन-अडीच तास पुरतात आणि परतताना मोपा वाटेवरच. फक्त फेणी त्याआधी घेऊ नका. बांद्याच्या पुढे इन्सुलीला महाराष्ट्राचा उत्पादन शुल्क नाका आहे, परवान्याशिवाय बाटली सापडली तर विमान विसरा. दारूची खरेदी परत गोव्यात शिरल्यावर.

मुरगांवची खाडी
एक राहिलं. बोट धक्क्याला लागली म्हणजे लगेच उतरता येतं असं नाही. तपासणी आणि परवानगी होईपर्यंत शिडी लावत नाहीत, आणि एक-दीड तास सहज जातो. सकाळी साडेनऊच्या आतलं काहीही पैसे भरून ठरवू नका, टॅक्सीवाल्यालाही "गेटवर पोचलो की फोन करतो" असंच सांगा. उशीर झाला तर फोंडा गाळा, जेवण गाळू नका.