सोलरआधी ओला कचरा बघा

नगरपंचायतीने आधी चौकात सोलर दिवे लावावेत, असं काही जण म्हणतात. लावा की, पण आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे खरी डोकेदुखी बाजार उठल्यावर मागे राहणाऱ्या कचऱ्याची आहे. सडका कांदा, कोबीची पानं, मेथीच्या काड्या. नुसता हा ओला माल खताच्या ढिगात टाकला की पाणी सुटतं, हवा खेळत नाही आणि वास थेट वस्तीत. त्याला कोरडं, काडीचं काहीतरी लागतं, आणि ते आपल्याकडे फुकट आहे! द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की छाटलेल्या काड्या बांधावर पेटवतात. त्याऐवजी नगरपंचायतीने काड्या बारीक करणारं एक श्रेडर यंत्र घेऊन भुगा करावा, ओल्याच्या थरावर थर द्यावा, आठवड्याला ढीग पलटावा. मूठभर माल दाबल्यावर ओलसर लागला पण पाणी गळलं नाही, की ओल बरोबर.

ओला-सुका वेगळा द्यायचा हे 2016 च्या घनकचरा नियमांतच आलंय. घंटागाडीत दोन कप्पे असतातही, पण डेपोवर सगळं एकत्रच ओतलं जातं, मग बायकांनी घरी कशाला वेगळं करायचं? आधी ते थांबवा. आणि झाडं लावायचीच तर आता गुलमोहोर नकोत, करंज-कडुनिंब लावा.