शिकारीच्या धनुष्यावर ब्रशचा रेस्ट की ड्रॉप-अवे? माझं मत ब्रशला

निशाणबाज (धागाकर्ता)

नवं कंपाउंड धनुष्य (टोकांना चाकं आणि केबल असलेलं) घेतलंय, ओढायला साठ पौंडांचं. साइट लागली, पीप (दोरीतलं नेम धरायचं कडं) बसला, आणि गाडी अडली ती रेस्टवर. बाण ज्याच्यावर टेकतो तो चार बोटांचा तुकडा, पण त्यावरून सल्ले इतके की डोकं उठलं. ज्याला विचारावं तो म्हणतो, "ड्रॉप-अवे घे, दुसरं बघूच नकोस." मी ब्रशच घेणार आहे. का, ते सांगतो. पटलं नाही तर झोडा.

जुन्या धनुष्यावर ड्रॉप-अवेच होता. धनुष्य ओढलं की त्याचा काटा उभा राहतो, बाण सुटला की काटा खाली पडतो आणि पिसं कशालाही न लागता निघून जातात. कागदावर देखणं काम. एका थंड पहाटे तीन तास झाडावर बसलो होतो. जनावर अठरा मीटरवर आलं, आडवं उभं राहिलं. मी ओढलं, आणि काटा उठलाच नाही. केबलला बांधलेली त्याची दोरी क्लिपमधून सरकली होती. बाण खाली शेल्फवर, म्हणजे मुठीच्या वरच्या कठड्यावर, आडवा. हळूहळू धनुष्याचा ताण उतरवायला गेलो तर कार्बनचा दांडा धातूवर 'टिक' झाला. तेवढं पुरलं. पुढचं सांगत नाही.

ब्रशच्या रेस्टमध्ये हलणारं काहीच नाही. कड्यात चहूबाजूंनी ताठ केस, मध्ये भोक, भोकात बाण. धनुष्य उलटं धरा, बाण पडत नाही. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे 'व्हिस्कर बिस्किट'. नावाला हसा, पण जंगलात मला असंच बिनडोक यंत्र हवंय.

आडवा_बाण

असहमत. क्लिप सरकली तो दोष क्लिपचा, शिक्षा सगळ्या जातीला. ती दोरी नुसत्या क्लिपवर सोडायचीच नसते. केबलचे पदर उघडून त्यातून ओवायची, वर-खाली दोऱ्यानं घट्ट गुंडाळायची आणि शेजारी पांढऱ्या पेननं खूण करायची. खूण हलली की कळतं. (पदर उघडायला धनुष्य प्रेसमध्ये, म्हणजे ते दाबून केबल सैल करणाऱ्या यंत्रात, घालावं लागतं, हातानं खटपट करू नका.)

आणि तू म्हणतोस तो केबलवर चालणारा प्रकार. लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूवर, चालणारा वेगळा. त्यात स्प्रिंग काट्याला सतत वर ढकलत असते आणि लिम्बला बांधलेली दोरी त्याला खाली ओढून धरते. धनुष्य ओढलं की लिम्ब वाकतो, दोरी सैल पडते, काटा उठतो. म्हणजे दोरी तुटलीच तर काटा वरच राहील. पिसं घासतील, बाण थोडा डगमगेल, पण तू हात चोळत बसणार नाहीस. तुझ्या पहाटेचं उत्तर हे होतं, ब्रश नव्हे.

निशाणबाज

लिम्बवाल्याचा मुद्दा मान्य. पण तो काटा साधा असेल तर धनुष्य ओढेपर्यंत बाण नुसता शेल्फवर पडलेला. झाडावरून वाकून मारायचं झालं की घसरला.

आडवा_बाण

म्हणूनच आधी हातानं काटा उभा करून बाण कोंडून ठेवणारे ड्रॉप-अवे मिळतात. न मारता सावकाश ताण उतरवला तरी काटा वरच राहतो. खरा बाण सुटला, तरच पडतो.

निशाणबाज

म्हणजे आत खटका, स्प्रिंग, पिन आणि काय काय. बिघडेपर्यंत त्यातलं काही मला दिसणार नाही. ब्रशचे केस झिजले तर निदान डोळ्यांना दिसतात.

पिसारा

ब्रशवाल्यांनो, एक विसरलात. मी खऱ्या पिसांचे बाण मारतो, चार इंची, पीळ दिलेले. हौसेनं ब्रश लावला. संध्याकाळपर्यंत बाण पावसात भिजलेल्या कोंबडीसारखे दिसायला लागले. केसांमधून पीस प्रत्येक वेळी विंचरलं जातं, त्याचं आयुष्य किती असणार? ब्रश घ्यायचा तर प्लॅस्टिकची, ताठ आणि आखूड पिसं लावा. तीही पुढून सुटायला लागतात, म्हणून टोकाशी गोंदाचा थेंब हवाच.

मधलं_बोट

नवीन आहे, सांभाळून घ्या. ब्रशमधून घासत गेल्यामुळे बाणाचा वेग कमी होत नाही का?

आडवा_बाण

होतो, पण नगण्य. मी ड्रॉप-अवेचा वकील असूनही सांगतो, वेगासाठी रेस्ट बदलू नकोस. बाण दोरीवर असतो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. प्रश्न असा की तेवढ्या वेळात त्याला किती वेळ काय चिकटून राहतं. सोडताना धनुष्याचा हात जरा जरी पिळला गेला, तरी बाण रेस्टमध्ये असेपर्यंत तो पीळ त्याला लागत राहतो. ब्रश शेवटच्या पिसापर्यंत सोडत नाही. काटा त्याआधीच बाजूला झालेला असतो.

जुनं_खोड

तुमचं चालू द्या. आमच्या लाकडी धनुष्याच्या शेल्फवर चामड्याचा तुकडा चिकटवलाय. दोरी नाही, स्प्रिंग नाही, केस नाहीत. जनावरं तेव्हाही मरत होती.

आडवा_बाण

खोडबुवा, नमस्कार, पण तुमचं गणित इथे चालत नाही. बोटांनी दोरी सोडली की ती बोटांवरून घरंगळत बाजूला जाते, म्हणून बाण आडवा वाकतो आणि वळसा घालून धनुष्याच्या कडेनं निघतो. रिलीजचा, म्हणजे दोरी पकडणाऱ्या छोट्या यंत्राचा, खटका दाबून सोडलं की दोरी जवळपास सरळ येते, बाण वाकतो तो जास्त करून वर-खाली. त्यामुळे खालून आधार देऊन बाजूला होणाऱ्या काट्याला अर्थ येतो. अवांतर: कंपाउंडचं पेटंट त्याचा शोध लावणाऱ्या ॲलननं १९६६ मध्ये मागितलं, १९६९ मध्ये मिळालं, आणि नंतर कैक वर्षं लोक कंपाउंडही बोटांनीच मारत होते. तुम्ही एकटे नाही.

जुनं_खोड

पेटंट निघालं आणि दुरुस्त्या सुरू झाल्या, एवढंच यातून कळलं.

खरडवही

दोन्ही वापरलेत. भांडण प्रकारावरून चाललंय आणि लावण्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून लिहितोय. वाईट लावलेला ड्रॉप-अवे चांगल्या लावलेल्या ब्रशपेक्षा केव्हाही वाईट.

आधी राइजर (धनुष्याचा मुठीचा मधला भाग) बघा. जुन्या पद्धतीत बर्जरच्या भोकात (राइजरमधलं रेस्टसाठीचं आट्यांचं भोक) स्क्रू घालून रेस्ट आवळतात, नव्या बऱ्याच धनुष्यांना मागे डव्हटेलची, म्हणजे रेस्ट सरकवून बसवायची, खाच असते. डावा-उजवा हात बघूनच घ्या. बाण त्या भोकाच्या मध्यावरून जाईल अशी उंची ठेवा. आडव्या अंतराची सुरुवात राइजरपासून दांड्याच्या मध्यापर्यंत १३/१६ इंच, म्हणजे साधारण २१ मिलिमीटर. ही फक्त सुरुवात. पुढे कागदातून बाण मारून फाटलेलं भोक बघायचं आणि केसाकेसानं सरकवायचं.

केबलवाल्या ड्रॉप-अवेत काटा ओढण्याच्या शेवटच्या इंचभरात पूर्ण वर पोचला पाहिजे. फार आधी पोचला तर पुढे दोरी नुसती ताणत राहते आणि सुटल्यावर काटा उशिरा पडतो. आणि नवी स्ट्रिंग, नवी केबल सुरुवातीला ताणते, तेव्हा शंभरेक बाणांनंतर हे पुन्हा तपासा. निशाणबाजसाहेब, तुमच्या त्या पहाटेआधी हे शेवटचं कधी तपासलं होतं?

निशाणबाज

...दोन महिने आधी. बरं, मारा.

आडवा_बाण

हे आधी सांगायचं होतंस!

निशाणबाज

सांगितलं असतं तर तू पहिल्याच प्रतिसादात धागा गुंडाळला असतास. पण माझा मुद्दा त्यानं पडत नाही, उलट भक्कम होतो. मी दोन महिने तपासत नाही, असा माणूस आहे. माझ्यासारख्यानं कोणता रेस्ट घ्यावा?

कालची गोष्ट. मित्राचा ब्रश लावून तीस मीटरवरून आधी साधी टोकं मारली, मग स्थिर पात्यांची शिकारीची टोकं. पाती पुढे पंखासारखी काम करतात, त्यामुळे बाण जरा वाकडा निघाला की तीच त्याला आणखी ओढून नेतात. पात्यांचे बाण साध्यांच्या चार बोटं डावीकडे, पण तिन्ही एकाच मुठीत. रेस्ट उजवीकडे हलवला, स्क्रूचा जेमतेम पाव फेरा. पुढचे तीन दोन बोटांवर. आणखी तेवढाच, आणि दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी. केस पिसाला लागतात हे खरं, पण दर वेळी सारखेच लागत असतील तर बाणही सारखाच जातो.

आडवा_बाण

नवे आहेत तोवर. खालचे केस दांड्याचं वजन उचलतात, ते आधी दबतात, आणि बाण मिलिमीटरभर खाली बसायला लागतो. तुला वाटतं साइट हलली. शिवाय भिजलेला ब्रश थंडीत गोठला की केसांच्या जागी काड्या. आणि तुला 'टिक' नको होतं ना? ब्रशमधून बाण मागे ओढताना खसखस होते, शांत पहाटे ती जनावराला ऐकू जाते.

निशाणबाज

गोठण्याचं मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तशा दिवशी केस बोटानं मोडून बघावे लागतील. खसखस मात्र मला 'टिक'पेक्षा परवडते. पाला अशी खसखस दिवसभर करतो, धातूसारखा वाजत नाही. हंगाम संपला की कडं बदलणार, तेवढी शिस्त माझ्यात आहे.

पिसारा

दोन महिन्यांवाल्या माणसाची शिस्त. +१

मधलं_बोट

मी पण ब्रशच घेतोय, ओवणं-गुंडाळणं वाचूनच दमलो. एकच विचारतो, तीन पिसांतलं वेगळ्या रंगाचं कुठे ठेवायचं, वर की खाली?

खरडवही

वर. खालच्या केसांवर दांडा टेकतो, ते ताठ हवेत, तिथून पीस नेऊ नका. मग बाकीची दोन तिरकी खाली जातात. त्यातलं एक केबलच्या बाजूला येतं, म्हणून पिसांवर पायाला मारतात ती पावडर फवारून एक बाण मारा आणि पुसलं कुठे गेलंय ते बघा. केबलपाशी पुसलेलं दिसलं तर नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची दोरीत बसणारी खाच) थोडा फिरवा.