पेठेतल्या मोठ्या भिंतीवर चित्र : संस्था हे काम नेमकं कसं करतात?

बोळातला_मी: आमच्या इमारतीची बोळाकडची तीन मजली भिंत कोरी पडलीय आणि मंडळाकडे वर्गणीतले थोडे पैसे उरलेत. एक काका म्हणतात, महाराजांचं चित्र काढा, विषय संपला. पोरं म्हणतात, चित्रकाराला मोकळं सोडा. वाद पेटलाय. जाणकारांनी सांगा.

परांचीवाला: विषय मागाहून ठरवा, आधी भिंतीवर हात फिरवा. पोपडे निघतायत? खालून ओल चढतेय? मग गिलावा दुरुस्त करा, पाऊस सरून भिंत वाळू द्या, प्रायमर मारा, तेव्हा कुठे रंग. बजेटचा मोठा तुकडा परांचीच खाते, हे काकांना आत्ताच सांगून ठेवा.

शनिवारकरीण: दोन्ही टोकाच्या पद्धती चालतात. स्टार्ट इंडिया फाउंडेशनने दिल्लीत लोधी कॉलनीच्या सरकारी वसाहतीत देशोदेशीचे चित्रकार बोलावून भिंती रंगवून घेतल्या. चित्रकार कोण, हे संस्था निवडते. काम देखणं होतं, पण तुमच्या काकांना त्यात कोण विचारणार?
उलट अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचं म्युरल आर्ट्स, म्हणजे तिथला भिंतीचित्रांचा उपक्रम. 1984 साली भिंती खराब करणाऱ्या पोरांच्याच हाती ब्रश देऊन ते सुरू झालं. वस्तीत आधी बैठका होतात, मग चित्र. त्यांची एक युक्ती भारी आहे: पातळ कापडाच्या तुकड्यांवर आराखडा उतरवतात, प्रत्येक भागावर रंगाचा आकडा असतो. लोक टेबलाशी बसून आकडे बघून रंग भरतात आणि नंतर ते तुकडे भिंतीला चिकटवतात. आज्यासुद्धा रंगवतात, परांचीवर चढायची गरजच नाही. माझं मत विचाराल तर मंडळाला हीच रीत शोभते.

बोळातला_मी: कापड भारी आहे! पण इतकी खटपट झेपेल का?

शनिवारकरीण: मग फक्त बैठकीचा भाग उचला. आणि लांब कशाला, 2012 साली सुरू झालेल्या पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टने कसब्यात भिंती रंगवल्यात. काकांना घेऊन एक चक्कर मारा.

दुपारी_एक_ते_चार: चक्कर चारनंतर मारा. आणि भिंत सोसायटीची असेल तर ठराव लेखी घ्या. तोंडी होकार रंग वाळायच्या आत फिरतो.

परांचीवाला: खालचे पाच-सहा फूट गडद ठेवा. दुचाक्या टेकतात, पिचकाऱ्याही पडतात.

बोळातला_मी: रविवारी बैठक लावतो. काकांना अध्यक्ष केलंय, म्हणजे ते निदान शेवटपर्यंत बसतील.