तीन लाखांचं कर्ज न काढता डब्यांचा धंदा सुरू होईल का?

पाथर्डीफाटेकर:
मी नाशिकला अंबडमध्ये एका कंपनीत ऑपरेटर आहे. बायकोच्या हाताला चव आहे, सणावाराला शेजारपाजारचे तिच्याकडून पुरणपोळ्या करून घेतात. आता डबे सुरू करावेत असं चाललंय. मेहुणे म्हणतात, गाळा घ्या, पोळ्यांचं मशीन घ्या, तीन लाख कर्ज सहज मिळेल. माझ्याकडे 40,000 साठलेत आणि घराचा हप्ता आधीच मानेवर आहे. एवढ्यात भागेल का?

पवननगरची_ताई:
भागेल भाऊ. मी सिडकोत घरूनच डबे देते, बँकेची पायरी चढले नाही.

गाळा कशाला? कंपनीतली पोरं डबा बघतात, बोर्ड नाही. मशीनचं तर नावच काढू नका. किलोभर कणकेच्या पंचवीस-तीस पोळ्या होतात. वीस डब्यांना चार-चार धरल्या तरी तीन किलो कणीक. एक लाटायला, एक भाजायला, झालं काम.

खरा खर्च डब्यांचा, आणि तो कुणी सांगत नाही. एका गिऱ्हाइकामागे दोन डबे लागतात, कारण आजचा भरलेला देताना कालचा रिकामा परत यायचा असतो. येतोच असंही नाही. कुणी मशीनखाली विसरतं, कुणाचा धुतलेलाच नसतो, उघडला की आंबलेलं वरण. म्हणजे वीस गिऱ्हाइकांना चाळीस डबे. मी भांडी बाजारातून घेतले, पण गिऱ्हाइकांच्या डिपॉझिटवर. महिन्याचे पैसेही 1 तारखेला आगाऊ, त्यातून किराणा. थोडी रोकड मात्र बाजूला असू द्या. पोरगं नोकरी सोडून गावी निघालं की डिपॉझिट परत मागायला डबा घेऊन दारात उभं राहतं. झाकणावर ऑइलपेंटनं नंबर टाका, नाव नको. गिऱ्हाईक बदलतं, डबा तोच राहतो.

आपल्याकडे धुळे-जळगावची पोरं भरपूर. आठवड्यातून एकदा कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा द्या, मग ती दुसरीकडे जात नाहीत.

फूड लायसन्सचं बेसिक रजिस्ट्रेशन वर्षाला 100 रुपयांत होतं, उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट आहे. एजंटला हजार-दोन हजार देऊ नका. आणि घरचं 14.2 किलोचं सिलेंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचं कमर्शियल घ्या. 40,000 तला मोठा घास तोच, आणि शेगडी.

जेलरोडचा_शिरीष:
कर्ज म्हणजे पाप नाही हो. पीएमईजीपी म्हणून नवीन धंद्याला कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना आहे, तिच्यात शहरातल्या महिलेला प्रकल्पखर्चाच्या 25 टक्के सबसिडी असते, स्वतःचे फक्त 5 टक्के घालायचे.

पवननगरची_ताई:
पाप कोण म्हणतंय? पण ती सबसिडी हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत अडकून राहते, हप्ता मात्र त्याआधीच सुरू होतो. साठ-सत्तर डबे टिकले की कर्ज जरूर घ्या.

मला त्याहून भीती उधारीची. मागे एक कंत्राटदार आला, रोज शंभर डबे द्या म्हणाला, बिल दोन महिन्यांनी. नाही म्हटलं. डब्याला 70 धरले तरी 26 दिवसांचे 1,82,000 होतात. दोन महिन्यांचे साडेतीन लाखांवर. म्हणजे मीच त्याला बिनव्याजी कर्ज द्यायचं! उद्यम नोंदणी असली तर 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, पण कायद्याच्या भरवशावर रोजची भाजी येत नाही. दहा-दहा पोरांचे डबे घ्या, पण पैसे पोरांकडून.

पाथर्डीफाटेकर:
ताई, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आमच्या लाइनवरचे आठ जण तयार आहेत, पण दोघांना आठवड्यातून दोनदा अंडाकरी पाहिजे. आमच्या घरात अंडं चालत नाही.

पवननगरची_ताई:
मग स्पष्ट नाही म्हणा. दोन गेले तरी सहा राहतात, आणि शुद्ध शाकाहारी म्हणून शोधणारे वेगळे येतात. त्या सहांचे पैसे 1 तारखेला घ्या, त्यानंतरच डबे विकत आणा.