तिसरा सेन्सर आणण्याआधी ५ व्होल्ट मोजा
ऑइल प्रेशरचे दोन सेन्सर बदलूनही पोकलेनवर एसपीएन १००, एफएमआय ४ हा कोड परत येतोय, असं तुम्ही लिहिलंय. यात एसपीएनचा आकडा तक्रार कशाची ते सांगतो आणि एफएमआयचा आकडा बिघाड कोणत्या प्रकारचा ते. तिसरा सेन्सर कृपा करून आणू नका. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर आणि एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज खाली गेलाय किंवा तार ग्राउंडला लागलीय. ही तक्रार सर्किटची आहे. प्रेशर खरंच पडलं असतं तर सहसा एफएमआय १ किंवा १८ दिसला असता. तरी साधा गेज लावून प्रेशर एकदा तपासाच, इंजिनाशी जुगार नको.

मग सेन्सरचं सॉकेट काढा, चावी ऑन, इंजिन बंद. सप्लायच्या तारेवर ५ व्होल्ट येतात का? नसतील तर त्याच लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. ही लाइन बऱ्याचदा सामाईक असते; एक शॉर्ट झाला की धडधाकट शेजारीही कोड देतात. गेल्या पावसाळ्यात माझा अख्खा दिवस असाच गेला. दोष निघाला बूमच्या बुडाशी, क्लॅम्पला घासून सोललेल्या तारेत. सेन्सर सगळे ठणठणीत होते!

५ व्होल्ट येत असतील तर सॉकेट जोडून सिग्नल मोजा. इंजिन बंद असताना तो साधारण ०.५ व्होल्ट हवा. मीटर लावलेला ठेवून हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हलवत राहा, आकडा कुठे उडी मारतो ते बघा. आणि तारेत टाचणी खुपसू नका, तिथून पाणी शिरून तांबं हिरवं पडतं.