तीन छोट्या कॉलेजांचा करार झालाय, आता पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एकत्र नेमकं काय उभं करायचं?

वाळपई_रोड

नमस्कार. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी आणि फोंडा या पट्ट्यातली तीन छोटी पदवी कॉलेजं आहेत. आपापसांत सामंजस्य करार आहे, प्राचार्य अनुकूल आहेत. पण करारातून आजवर दोन वेबिनार आणि एक ग्रुप फोटो एवढंच निघालं. येत्या जूनपासून पहिल्या वर्षासाठी एकत्र काहीतरी खरं सुरू करायचं आहे.

मुलं अशी: बरीच जण चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमातली, पाचवीपासून इंग्रजी. घरातून कॉलेजात येणारी पहिलीच पिढी. गावडा, वेळीप, धनगर समाजातली मुलं आहेत, औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या कर्नाटकातल्या कुटुंबांचीही आहेत. तिन्ही कॉलेजांत मिळून चार दृष्टिबाधित विद्यार्थी. अडतात ती अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स आणि इंग्रजीत. निधी तिघांचा मिळून दीड लाख.

सुरुवात कुठून करावी? एकेकट्या कॉलेजला जमत नाही पण तिघांना मिळून जमेल असं काय आहे? आणि पैसा कुठे घालावा? 'मेंटॉर-मेंटी योजना राबवा' असं कृपया सांगू नका, ती फाईल तिन्हीकडे आहे.

आकडेमोड

मुलांपासून नको, पेपरांपासून सुरुवात करा. 'स्लो लर्नर' म्हणून यादी लावली की त्या यादीतलं पोर त्या वर्गाच्या दिशेने फिरकत नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन' सुरू झालं, ते नेमकं हे ओळखून. कमकुवत विद्यार्थी शोधायचे नाहीत, कठीण पेपर शोधायचा आणि त्या पेपराला बसणाऱ्या सगळ्यांना दार उघडं ठेवायचं.

मागच्या तीन वर्षांचे पहिल्या दोन सत्रांचे निकाल काढा. प्रत्येक पेपरासमोर चार आकडे: नोंदणी, मध्येच सोडलेले, परीक्षेला गैरहजर, नापास. शेवटच्या तिघांची बेरीज नोंदणीच्या ३० टक्के किंवा वर गेली की तो पेपर घ्या. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका. १८ जणांच्या वर्गात दोन मुलं इकडची तिकडे झाली तरी ११ टक्क्यांचा फरक पडतो. इथेच तीन कॉलेजं एकत्र येण्याचा पहिला फायदा आहे: एकाच अभ्यासक्रमाचे तिघांचे आकडे एकत्र केले की पेपर कठीण आहे की एका वर्गाची घडी बिघडली आहे, ते कळतं. तिन्हीकडे नापास होत असतील तर पेपर कठीण. एकीकडेच होत असतील तर तो प्रश्न प्राचार्यांनी दार लावून सोडवायचा, मंचावर नाही.

दुसरा फायदा माणसांचा. तो पेपर चांगल्या गुणांनी सुटलेला, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी लागतो. त्याला 'अभ्याससोबती' म्हणा, काहीही म्हणा, फक्त 'रेमेडियल' म्हणू नका. छोट्या कॉलेजात अकाउंट्सला असा मुलगा सापडतो, स्टॅटिस्टिक्सला सापडत नाही. शेजारच्या कॉलेजात नेमकं उलटं असतं. अदलाबदल करा. सोबत्याने शक्यतो त्या पेपराच्या तासाला पुन्हा बसायचं, निदान आठवड्यातून एकदा. नाहीतर सर एक पद्धत शिकवतात आणि हा दुसरी.

हिशेब: ४ पेपर, प्रत्येकी २ गट, आठवड्याला २ बैठका, १२ आठवडे. एकूण १९२ बैठका. बैठकीला १५० रुपये मानधन धरलं तर २८,८०० रुपये. गटात ८ ते १२ जण, वेळ ५० मिनिटं.

बिघडतं ते एकाच ठिकाणी. हुशार सोबती फळ्यावर गणित सोडवून दाखवतो, मुलं उतरवून घेतात, शिकवणीच होऊन जाते. म्हणून जूनमध्ये तिन्ही कॉलेजांच्या सोबत्यांचं दोन दिवसांचं एकत्र प्रशिक्षण घ्या आणि त्यात एकच गोष्ट घटवून घ्या: खडू सोबत्याच्या हातात नसेल. उत्तर विचारलं तर 'वहीत कुठपर्यंत आलास ते दाखव' म्हणायचं.

भाषा_खिडकी

इंग्रजीबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाकावा. मराठी-कोकणी माध्यमातून आलेल्यांना मराठी पारिभाषिक शब्द दिले की सुटेल, असं आपल्याला वाटतं. पण ही मुलं पाचवीपासून गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकलेली आहेत. त्यांना 'प्रमाण विचलन' हा शब्द 'स्टँडर्ड डेव्हिएशन'इतकाच परका. 'घसारा' मात्र चालतो, कारण तो दुकानात, गाडीच्या किमतीत ऐकलेला असतो. शब्द इंग्रजीच ठेवा, समजावणं घरच्या भाषेत करा, उत्तर इंग्रजीत लिहून घ्या. गटात हे आपोआप होतं, वर्गात होत नाही.

मुलं खरी अडखळतात ती प्रश्नपत्रिकेतल्या क्रियापदांवर. 'डिस्टिंग्विश' म्हटलं की दोन्ही गोष्टींवर दोन वेगळे परिच्छेद लिहितात. समोरासमोर, एकाच मुद्द्यावर फरक दाखवायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. 'जस्टिफाय'ला व्याख्या लिहितात. 'क्रिटिकली एक्झॅमिन'ला पाठ केलेली सगळी टीप उतरवतात. विषय येत असतो आणि गुण निम्मे जातात.

अशी १५ क्रियापदं काढा. प्रत्येकासमोर त्याच पेपरातला एक जुना प्रश्न, सहा गुणांचं पूर्ण उत्तर आणि त्याच प्रश्नाचं तीनच गुण मिळालेलं उत्तर (नाव झाकून, मुलाला विचारून). तीन गुणांचं उत्तर जास्त शिकवतं. तिन्ही कॉलेजांतल्या त्या त्या विषयाच्या शिक्षकांनी अर्धा दिवस एकत्र बसून हे करायचं, कारण मग तिघांनाही कळतं की एकाच उत्तराला आपण किती वेगळे गुण देतो. तो वाद होऊ द्या. सगळ्या योजनेतला सर्वांत कामाचा अर्धा दिवस तोच असेल.

सामाईक क्रेडिट कोर्स पहिल्या वर्षी काढू नका. दोन क्रेडिटचा सिद्धांताचा कोर्स म्हणजे ३० तास, वर अभ्यासमंडळाची मंजुरी, वर क्रेडिट बँकेची (मुलाचे क्रेडिट जिथे जमा होतात ती ऑनलाईन नोंदवही) नोंद. तिथे आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं नाही की सगळं अडतं. गावडे, गावडा, गावडो, गावकर: एकाच घरातल्या चौघांचं आडनाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं. नावं जुळवण्याचं काम मात्र प्रवेशाच्या दिवशीच करून टाका.

स्क्रीनरीडर

चार दृष्टिबाधित विद्यार्थी तीन कॉलेजांत विखुरलेले, म्हणजे प्रत्येकाला वाटतं की एका-दोघांसाठी काय करायचं. चौघांसाठी मिळून एक खोली, एक चांगला स्कॅनर आणि एनव्हीडीए. एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या विंडोज संगणकावर चालतं, मराठी आवाजही मिळतो.

पण खोलीपेक्षा महत्त्वाच्या शिक्षकांच्या नोट्स. दोन गोष्टी तपासा. एक, पीडीएफ म्हणजे पानाचा नुसता फोटो असेल तर स्क्रीनरीडरला ते पान कोरं. माउसने एक ओळ निवडून बघा, निवडता आली नाही तर फोटो आहे. दोन, मराठीच्या जुन्या नोट्स श्रीलिपी, कृतीदेव असल्या फॉन्टांत टाईप केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसते, कानाला इंग्रजी अक्षरांचा कचरा ऐकू येतो. युनिकोडमध्ये रूपांतर करून, जोडाक्षरं एकदा तपासून मगच द्या. एका कॉलेजने केलेलं रूपांतर तिघांना चालतं, म्हणून पेपर वाटून घ्या.

लेखनिकांची (दृष्टिबाधितांचा पेपर लिहून देणाऱ्यांची) यादी सामाईक करा. प्रत्येक तासाला निदान २० मिनिटं जादा वेळ हा नियम आहे: दोन तासांच्या पेपराला ४० मिनिटं, तीन तासांच्याला एक तास. पर्यवेक्षकाला हे लेखी द्या, तोंडी सांगितलेलं परीक्षेच्या सकाळी कोणाला आठवत नाही. अडचण अशी येते की तिन्हीकडे परीक्षा एकाच दिवशी असतात आणि लेखनिक स्वतःच पेपर लिहीत असतो. म्हणून यादी वेगळ्या सत्रात शिकणाऱ्या मुलांतून करा, शाखाही उलटी घ्या: कलेच्या पेपराला वाणिज्यचा लेखनिक. परीक्षेआधी दोन सराव बैठका हव्यात. सांगणाऱ्याचा वेग आणि लिहिणाऱ्याचा हात जुळायला तेवढा वेळ लागतोच.

दाखला_खिडकी

वैविध्य म्हटलं की आपण जातीच्या रकान्याकडे बघतो. आपल्या भागात तो रकाना तीन ठिकाणी फसवतो.

गावडा, कुणबी, वेळीप हे २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत. धनगर नाहीत, ते ओबीसीत. म्हणजे त्याच डोंगरात आणखी आत, वस्तीवर राहणारा धनगर मुलगा आदिवासी कल्याणाच्या योजनेत बसत नाही. कर्नाटकातून आलेली लमाणी कुटुंबं तिकडे अनुसूचित जातींत आहेत, गोव्याच्या यादीत नाहीत. राज्य बदललं की तो दर्जा सोबत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केलं आहे. त्या मुलाला हे कळतं ते अर्ज फेटाळल्यावर. आणि १५ वर्षांच्या रहिवासाच्या दाखल्यावर अडलेली मुलं तर कुठल्याच यादीत नसतात.

म्हणून तुमच्या सामाईक योजनेसाठी जातीचा रकाना एकटा वापरू नका. घरात पदवीधर आहे का, बसने किती वेळ लागतो, उत्पन्न किती, हे तीन प्रश्न पुरतात.

शिष्यवृत्तीसाठी तिन्ही कॉलेजांना मिळून एक जाणता कारकून आठवड्यातून एकेक दिवस द्या. 'मंजूर' दिसतं आणि पैसे येत नाहीत, या तक्रारीत बहुतेकदा एकच गोष्ट असते: पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या नाही. दहावीत उघडलेलं एक खातं, मोबाईलवरून उघडलेलं दुसरं, आणि जोडणी दुसऱ्याला झालेली. अर्ज भरण्याआधी जोडणी कुठे आहे ते तपासून घ्या, नंतर महिने जातात.

दीड लाखातले ४५,००० बाजूला ठेवून तातडीचा निधी करा. अमेरिकेत जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून हेच केलं, थोड्या थकबाकीपायी नाव कापलं जाणारी मुलं टिकवायला. तुमच्याकडे कमाल ३,००० रुपये, परीक्षा शुल्क, बसपास, चष्मा असल्या गोष्टींसाठी. निर्णय तीन दिवसांत, दोन सह्यांवर. धनादेश देतानाचा फोटो काढायचा नाही, हे नियमातच लिहा.

टाईमटेबलवाली

वरचं सगळं बसच्या वेळेवर मोडतं, तेव्हा आधी वेळापत्रक. चार वाजल्यानंतर बैठक ठेवली तर वाळपईच्या पलीकडची मुलं येणारच नाहीत, बस चुकली तर पुढची कधी ते त्यांनाच ठाऊक. बैठक दोन तासांच्या मधल्या रिकाम्या तासात हवी आणि तो तास तिन्ही कॉलेजांत एकाच वेळी रिकामा हवा. उदाहरणार्थ मंगळवार-गुरुवार ११ ते १२. हे जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं तर होतं, वेळापत्रक छापल्यावर कोणी ऐकत नाही.

दुसऱ्या कॉलेजात मुलं हलवू नका, सोबती हलवा. एक जण कदंबच्या सरकारी बसने जाईल, एका तिकिटात काम होईल. ३० जणांना हलवायचं म्हणजे मिनीबस आणि पालकांची परवानगीपत्रं.

ऑनलाईनच्या नादी फार लागू नका. सत्तरीच्या काही गावांत पावसाळ्यात वीज गेली की नेटवर्कही जातं. दहा मिनिटांचा ऑडिओ आणि एक हलकी पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाका, सिग्नल मिळेल तेव्हा उतरेल.

आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी! चवथीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा, हजेरी विसरा. पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर सुरू करू म्हणालात तर थेट चवथीत घुसाल. तिसऱ्या आठवड्यात बैठका सुरू झाल्याच पाहिजेत, म्हणजे चवथीपूर्वी काही बैठका हाती लागतात.

समन्वयक एकच, दोन वर्षांसाठी, आणि त्याचे आठवड्याचे चार तास लेखी कमी केलेले. दरवर्षी कॉलेज बदलून समन्वयक नेमलात की दरवर्षी शून्यापासून.

वाळपई_रोड

सगळ्यांचे आभार, भाषा_खिडकींचा गुण देण्याचा अर्धा दिवस नक्की घेतो. दोन शंका. उपयोग झाला की नाही हे कसं मोजायचं? आणि तिन्ही कॉलेजांनी मुलांची माहिती एकत्र ठेवणं चालतं का?

आकडेमोड

माहिती आधी. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचा तो बालक, आणि पहिल्या वर्षात १७ ची मुलं भरपूर. प्रवेश अर्जासोबत वेगळ्या कागदावर संमती घ्या, १८ खालच्यांना पालकाची सही. सामाईक तक्त्यात नाव नको, क्रमांक ठेवा. क्रमांकाची किल्ली ज्या त्या कॉलेजात. रकाने सहा: क्रमांक, बारावीच्या गुणांचा गट, दाखला_खिडकींचे तीन प्रश्न (पदवीधर, बस, उत्पन्न) मिळून एक रकाना, पेपर, बैठकांची हजेरी, निकाल. सातवा रकाना मागणारा कोणीतरी निघेलच, त्याला देऊ नका.

मोजताना 'आलेल्यांपैकी ८० टक्के पास' असं लिहू नका. स्वतःहून येणारी मुलं आधीच धडपडी असतात. बारावीला ४५ ते ५५ टक्के असलेल्यांत सहा किंवा जास्त बैठकांना आलेले आणि न आलेले, अशी गटवार तुलना करा. तरी ती पुरती चोख नाही. न्यूयॉर्क सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये सुरू केलेल्या 'असॅप' योजनेची परीक्षा घेताना मुलं चिठ्ठी काढावी तशी दोन गटांत वाटली होती: तीन वर्षांत पदविका पूर्ण केलेले योजनेत ४० टक्के, बाहेर २२ टक्के. पण तिथे सल्लागार, शिकवणी, पुस्तकं, शुल्कातली तूट आणि प्रवासाचा पास हे सगळं एकत्र दिलं होतं. त्यातला नुसता पास किंवा नुसती शिकवणी उचलून तोच आकडा येईल अशी आशा धरू नका.

कॉलेजच्या मूल्यांकनाच्या (नॅकच्या) फाईलला वेगळं काही लिहावं लागणार नाही, विद्यार्थी-वैविध्याचा मुद्दा येईल तिथे हाच तक्ता लावा. आणि दिवाळीपूर्वी तिघांनी एकदा बसून सहापेक्षा कमी बैठकांना आलेल्या प्रत्येकासमोर कारण लिहा: बस, काम, घर, कंटाळा. 'बस' जास्त निघाली तर दुसऱ्या सत्रात तास बदला, सोबती नव्हे.