सांगली-पुणे ईव्ही चार्जिंग: पाटीवर १८.५०, बिल २४.७८ च्या दरानं, आणि चार्जरची दुसरी गन कायम बंद कशी?

हळकुंड (सांगली)

राम राम मंडळी.

विश्रामबागेत राहतो, हळदीचा धंदा. महिन्यातून दोनदा नमुने घेऊन पुण्याला गुलटेकडीला जावं लागतं. दीड वर्षापूर्वी डिझेल गाडी विकली आणि ४०.५ युनिटच्या बॅटरीची, विजेवरची नेक्सॉन ईव्ही घेतली. गाडीबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. डिकीत हळदीचा वास कायमचा बसलाय, तो माझा दोष. घरी पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा पॉइंट आहे, रात्री लावली की सकाळी भरलेली. घरच्या बिलात ते युनिट मला तेरा रुपयांच्या आसपास पडतं.

रडगाणं आहे ते हायवेवरच्या फास्ट चार्जरचं. मागच्या मंगळवारचं सांगतो.

पुण्यातून संध्याकाळी ८८ टक्क्यांवर निघालो. कात्रज, खंबाटकी, मग हायवे सहापदरी करण्याच्या कामाची डायव्हर्जनं. कराडच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात चार्जर आहे, तिथं रात्री ९:२० ला पोचलो तेव्हा २१ टक्के. पुढे सांगलीपर्यंत ७५ किलोमीटर. चार्जर कंपनीच्या ॲपमध्ये दोन्ही गन (गाडीला जोडायच्या चार्जिंगच्या नळ्या) हिरव्या, म्हणजे चालू दिसत होत्या. प्रत्यक्षात एका गनला पांढरी गाडी लागलेली, ८४ टक्के. दुसऱ्या गनच्या स्क्रीनवर लाल अक्षरात काहीतरी फॉल्ट. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "ती आठ दिवस झालं अशीच हाय."

पांढऱ्या गाडीचे मालक आत जेवत होते. विनंती करायला गेलो तर म्हणाले, "शंभर करून घेतो, लांब जायचंय." ८४ ते १०० हे शेवटचे टक्के किती सावकाश चढतात हे तुम्हाला माहीत आहे. बडीशेप चघळत ते बाहेर आले तेव्हा १०:०५ झाले होते.

माझी गन लागली. ४.६ युनिट झाले आणि लाइट गेली. दहा मिनिटांनी आली, पण सेशन संपलेलं. ॲपनं वॉलेटमधले ५०० अडकवून ठेवले, म्हणून परत पैसे टाकून नवीन सेशन चालू केलं, आणखी १०.६ युनिट घेतले. पहिल्या सेशनचे ११३.९९ कापून उरलेले ३८६ रुपये परत यायला सहा दिवस लागले. घरी पोचलो साडेबाराला. बायको म्हणाली, "एसटीनं गेला असतात तर जेवायला घरी असतात."

आता प्रश्न. मशीनच्या खांबावर पाटी आहे १८.५० रुपये युनिट. ॲपमध्ये सुरू करताना २१ दिसले. बिल आलं २४.७८ च्या दरानं. एकाच मशीनचे तीन भाव? हळदीच्या सौद्यात असं केलं तर आडत्याला लोक पेढीवरून खाली ओढतील. गाडी हायवेला युनिटमागे ५.९ किलोमीटर देते. म्हणजे किलोमीटरला ४ रुपये २० पैसे. माझी जुनी डिझेल गाडी लिटरला १९ देत होती. हिशेब तुम्हीच करा, फरक आठ आण्यांचा उरतो.

दुसरा प्रश्न, हा खरा. तिथं जाण्याआधी चार्जर चालू आहे का हे खात्रीनं कळायचा काही मार्ग आहे का? भाव मी एकवेळ देईन.

---

टर्बो_तासगाव

डिझेल घ्या परत. विषय संपला.

---

हळकुंड

तासगावकर, तुमचा बेदाणा भिजला की आम्ही "द्राक्षं विका" म्हणतो का?

---

हायवे_हॉटेलवाला (उंब्रज)

तुम्ही गेलात ते हॉटेल माझं नाही, पण माझ्याकडेही असंच मशीन आहे, ६० किलोवॅटचं, दोन गनचं. दुसऱ्या बाजूनं सांगतो.

जागा माझी, मशीन आणि ॲप कंपनीचं. दर कंपनी ठरवते, मला युनिटमागे दीड रुपया मिळतो. दिवसाला पाच-सहा गाड्या. त्यापेक्षा जास्त त्या गाड्यांतल्या लोकांच्या चहा-मिसळीत मिळतात, खोटं कशाला बोलू.

तीन भावांचं कोडं सोपं आहे. १८.५० हा दिवसाचा दर, जीएसटी धरलेला नाही. संध्याकाळचा दर २१. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २४.७८. दिवसा आला असतात तर १८.५० अधिक जीएसटी, म्हणजे २१.८३ पडले असते. दिवसा स्वस्त का, तर सौर वीज दिवसा भरपूर असते. केंद्रानं २०२४ साली चार्जिंग स्टेशनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात स्टेशनला मिळणारी वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि बाकीच्या वेळात १.३ पट असं गणित दिलंय. कंपन्या त्याच अंगानं दोन दर लावतात. पाटी मात्र स्वस्त दराची लावतात, हे तुमचं बरोबर आहे. माझ्याकडच्या पाटीवर मी स्वतः मार्करनं "+ जीएसटी, ४ नंतर जास्त" लिहिलंय. कंपनीचा माणूस आला की पुसतो, गेला की मी परत लिहितो.

आणि घरच्या युनिटला जीएसटी नसतो, इथं असतो, कारण चार्जिंग ही कायद्यानं वीजविक्री नाही, सेवा आहे. २०१८ साली ऊर्जा मंत्रालयानं तसं स्पष्ट केलं, म्हणून तर आमच्यासारख्याला वीज विकायचा परवाना न काढता मशीन बसवता आलं. परवाना वाचला, जीएसटी आला.

लाइट जाण्याचं म्हणाल तर एवढ्या लोडला जनरेटर लावला तर तुम्हाला चाळीस रुपये युनिट द्यावं लागेल. ते तुम्ही देणार नाही, मीही मागणार नाही.

एक विचारू? त्या बंद गनच्या मशीनवरचं लाल बटण बघितलंत का?

---

हळकुंड

कुठलं लाल बटण?

---

मिरज_पुणे_मिरज

हॉटेलवाल्यांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. दादा, मी मिरजेचा, हॉस्पिटलची पार्टी घेऊन आठवड्यात तीन खेपा पुण्याला मारतो, ईव्हीच हाय. मशीनच्या पुढं नाहीतर बाजूला कुत्र्याच्या छत्रीसारखं लाल बटण असतं, इमर्जन्सीचं. जेवायला आलेल्यांची पोरं येता-जाता ते दाबतात. एकदा दाबलं की आतच अडकून बसतं, आणि मशीन फॉल्ट दाखवत राहतं. उजवीकडं पिळायचं, टक्कन बाहेर येतं. मिनिटभर थांबायचं, मशीन आपसूक चालू होतं. काही मशीनला प्रत्येक गनचं वेगळं असतं. मी या वर्षात अशा चार "बंद" गन चालू केल्यात. एका ठिकाणी वॉचमननं मला इंजिनीअर समजून चहा पाजला.

पण स्क्रीन पूर्ण काळी असंल, नाहीतर गनच्या पिना काळ्या पडल्या असतील, तर हात लावू नका, सरळ पुढं चला.

तुमच्या त्या रात्रीचं सांगतो. लाइट गेली तेव्हा तुमच्याकडं २१ टक्क्यांचे साडेआठ अधिक ४.६, म्हणजे १३ युनिट होते. ७५ किमीला तुमच्या ॲव्हरेजनं पावणेतेरा लागतात. ट्रकच्या मागं साठनं, एसी बंद करून गेला असता तर युनिटला सात-साडेसात मिळून आरामात पोचला असता. पण खरं सांगतो, रात्री साडेदहाला मी पण नसतो निघालो. आणखी चार युनिट घेऊन निघालो असतो. तुम्ही दहा घेतले ते भ्यायलेल्या माणसाचे दहा हायत, आम्ही सगळ्यांनी घेतलेत ते.

चालू-बंद कळायचं म्हणाल तर ॲपमधल्या हिरव्या टिकलीवर जाऊ नका. मशीनचं नेट गेलं की काही ॲप जुनीच टिकली दाखवत बसतात. प्लगशेअर नावाच्या ॲपवर लोक चार्जरला येऊन गेल्याचं टाकतात, शेवटची नोंद कधीची ते बघा. आठवड्यापूर्वीची असंल तर ती नोंद नाहीच असं समजा. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे हॉटेलच्या काउंटरला फोन. "चार्जर चालू हाय का" असं विचारायचं नाही, तो हो म्हणणारच. "आज शेवटची गाडी कधी लागली" हे विचारायचं.

---

पोवई_नाका (सातारा)

मिरजकरांचा फोनचा प्रश्न मी वहीत लिहून घेतला. खरंच.

माझी टियागो ईव्ही, २४ युनिटची. शाळा ते घर, आणि महिन्यातून एकदा पुणे. साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर, पूर्ण भरून निघाले की वाटेत कुठे लावायची वेळ येत नाही, म्हणून तुमच्याइतका अनुभव नाही. पण सप्टेंबरात कासचा सीझन आणि शनिवार-रविवार महाबळेश्वरची गर्दी लागली की साताऱ्यातली मशीन पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी भरलेली असतात. तेव्हा आम्ही गावातले लोक तिकडे फिरकतसुद्धा नाही.

एक गोष्ट सांगते, लोकांच्या लक्षात येत नाही. ६० किलोवॅटचं मशीन दोन गाड्या लागल्या की बहुतेक ठिकाणी ३०-३० वाटून देतं. माझ्या छोट्या गाडीला ३० सुद्धा जास्त, तिला फरक पडत नाही. हळकुंड काकांच्या गाडीला पडतो. म्हणजे शेजारी कोणी येऊन लावलं की तुमचा वेळ वाढतो, आणि तुम्हाला वाटतं मशीन बिघडलं. म्हणून मोठी गाडी लागलेली असली तर ती ८० ला काढणं ही माणुसकी आहे. माझ्या काचेवर मी मोबाइल नंबर लावून ठेवलाय, ८० झाले की फोन करा.

आणि पुण्यात मुक्काम असेल तर फास्ट चार्जरच्या मागे कशाला लागायचं? उतरता तिथे १५ अँपिअरचा प्लग मागा. फक्त अर्थिंग बघा. अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जच घेत नाही, केबलवरचा लाल दिवा पेटतो. एप्रिलात माझ्या मामेभावाकडे हेच झालं. तासभर सगळे केबल उलटसुलट करून बघतायत. शेवटी शेजारचे जुने वायरमन आले, मागच्या दारी अर्थिंगचा खड्डा शोधला, वरची माती भेगाळलेली. दोन कळश्या पाणी ओतलं, म्हणाले, "तहान लागली होती त्याला." पंधरा मिनिटांत हिरवा दिवा! तेव्हापासून भाऊ दर रविवारी तुळशीबरोबर खड्ड्यालाही पाणी घालतो.

अर्थिंगची खोटी जोडणी करून गाडीला फसवणारे ॲडाप्टर मिळतात. तसलं काही घेऊ नका. गाडीचं अंग शॉक मारायला लागेल.

---

टर्बो_तासगाव

इतकं सगळं करण्यापेक्षा पाच मिनिटांत टाकी फुल्ल. मी आपलं म्हणालो.

---

हायवे_हॉटेलवाला (उंब्रज)

तासगावकर, या एकदा, मिसळ माझ्याकडून. पार्किंगला जागा आहे.

हळकुंड, तुमच्या मूळ दुखण्यावर एक सांगायचं राहिलं. नियमाच्या कागदात महामार्गावर दर २० किलोमीटरला, दोन्ही बाजूंना स्टेशन हवं असं आहे. तुम्ही पुण्याहून येताना समोरच्या बाजूचं मशीन नकाशावर दोनशे मीटरवर दिसतं आणि प्रत्यक्षात हायवेखालच्या पुढच्या बोगद्यापर्यंत जाऊन वळून यावं लागतं. त्यात सहापदरीचं काम. तेव्हा येतानाची आणि जातानाची मशीन वेगवेगळी लिहून ठेवा.

---

हळकुंड

मंडळी, कालच परत जाऊन आलो म्हणून उशिरा लिहितोय.

जाताना पहाटे निघालो, पूर्ण भरलेली होती, वाटेत थांबलोच नाही. गुलटेकडीला काम उरकून दुपारी दीडला पुणे सोडलं, मुद्दाम, दिवसाचा दर गाठायला. कराडच्या अलीकडच्या त्याच हॉटेलला काउंटरवर आधी फोन केला. "शेवटची गाडी कधी लागली?" पोरगं गडबडलं, मग बाहेर जाऊन बघून आलं, "आत्ता एक लागलीय, बाराला पण एक लागलेली." म्हटलं चला.

पावणेचारला पोचलो. एक गन लागलेली, दुसरी तशीच लाल. मशीनच्या उजव्या कुशीला गुडघ्याच्या उंचीवर बटण होतं. धुळीनं असं माखलेलं की लाल आहे हे पुसल्यावर कळलं. बोटाला हळद आणि वंगण दोन्ही. पिळलं. टक्कन आवाज आला, मिरजकरांनी सांगितला तसाच. वॉचमन लांबून ओरडला, "ओ, हात लावू नका त्येला!" तोवर स्क्रीन बंद होऊन परत उजळली. फॉल्ट गेला. तो जवळ आला, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "बारा दिवस झालं कंपनीला फोन करतोय."

गन लावली तेव्हा ३:५२. दर १८.५० दिसला. शेजारी गाडी असल्यानं २९ किलोवॅटनंच चढत होती. ४ वाजले, मला वाटलं आता मधेच २१ होणार. नाही झाला. सेशन सुरू करतानाचा दर शेवटपर्यंत राहिला, निदान या मशीनला तरी. नऊ युनिट घेतले, भ्यायलेले नव्हे, मोजून. १९६ रुपये ४७ पैसे. घरी सातला. बायकोनं घड्याळाकडे बघितलं, काही बोलली नाही.

पोवई नाका ताई, काचेवर नंबर लावला. पहिला फोन कुणाचा आला सांगू? पार्किंगमधल्या शेजाऱ्यांचा, "गाडी जरा पुढं घ्या" म्हणून.

पुढच्या शनिवारी परत जायचंय, या वेळी मुलीला आणायला, सामान भरपूर असणार. येताना त्याच मशीनला थांबेन. शुक्रवारी कुणी तिकडून गेलं तर दोन्ही गन चालतायत का तेवढं इथं टाका.

---

मिरज_पुणे_मिरज

शुक्रवार, सकाळी ७:१०. डावी चालू, मी आत्ता लावलीय. उजवीचं बटण परत दाबलेलं होतं, पिळून ठेवलंय.